दारावरची चिंधी

मी एक जुनी पेशी आहे, मित्रांनो, आणि माझा धंदा मारण्याचा आहे. दचकलात? दचका, पण पळू नका. तुमच्या प्रत्येकाच्या रक्तात या घडीला माझ्यासारख्या कोट्यवधी फिरतायत. त्या मारतायत म्हणून तुम्ही धडधाकट बसून माझी गोष्ट ऐकताय. मला गोडगोड बोलता येत नाही. जे घडलं ते तसंच सांगते.

माझी मालकीण तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्या हाडाच्या पोकळीत मी जन्मले. डोळे धड उघडले नव्हते, तोच आम्हा सगळ्यांना छातीच्या हाडामागच्या एका ग्रंथीत नेलं. ती आमची शाळा. तुमच्या शाळेत नापास झालं तर घरी बोलणी बसतात. आमच्या शाळेत नापास झालं की जागच्या जागी मरण. परीक्षा दोन. पहिली, दारावरची चिंधी वाचता येते का? जिला येत नाही ती उपाशी मरायची. दुसरी, घरच्यांची चिंधी बघून हात उचलतेस का? जिनं उचलला तिला तिथेच संपवायचं. शंभरातल्या आम्ही तीन-चार जणी बाहेर पडलो. माझ्या डाव्या-उजव्या बाजूच्या सख्ख्या बहिणी माझ्या डोळ्यांदेखत फुटल्या. रडायला वेळ नव्हता, आणि खरं सांगू, रडू आलंही नाही.

ही चिंधी काय ते आधी समजून घ्या. शरीरात एक कायदा आहे. प्रत्येक पेशीनं आत जे काही बनवलं असेल त्याचा बारीकसा तुकडा दाराबाहेर खुंटीला टांगायचा. आम्ही गस्तीवाल्या दारोदार फिरतो. चिंधी ओळखीची असली तर पुढे चालायचं. अनोळखी असली तर दाराला चिकटायचं, भिंतीला भोकं पाडायची आणि आत विष सोडायचं. आतली बया आतल्या आत तुकडे होऊन मरते. पण आम्हा प्रत्येकीला एकच ठरावीक चिंधी खटकते, दुसरी नाही. आणि ती दिसल्याशिवाय हात उचलायचा नाही, मग समोर कोणी का असेना.

माझी चिंधी कोणती, ते मला चाळीस वर्षं कळलंच नाही. सर्दीतापाच्या लढाया झाल्या, कांजिण्यांची मोठी लढाई झाली. माझ्या बरोबरीच्या मैत्रिणींनी मुडदे पाडले, त्यांच्या हजारो लेकी झाल्या, त्यांचा केवढा मान! मी आपली कोरडी. "खायला काळ आणि भुईला भार," असं मला तोंडावर बोलायच्या. मी ऐकून घ्यायची. करणार काय? मालकीणबाईंच्या कानाच्या पडद्यामागून रक्ताची एक बारीक वाट जाते, तिथे थांबलं की बाहेरचं बोलणं ऐकू येतं. रिकामटेकडीला तेवढाच विरंगुळा.

तिथूनच मला कळलं की मालकीणबाई शाळेचे गणवेश शिवतात. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. सगळे त्यांना टेलरबाई म्हणतात. आणि तिथेच मी तो खोकला ऐकला.

"आई, सात महिने झाले खोकतेस," त्यांची लेक म्हणायची. "एकदा दाखवून ये ना."

"अगं, कापडाचे तंतू जातात घशात. एवढे साठ गणवेश हातावेगळे होऊ देत, मग जाते."

साठ झाले, मग नव्वद आले. बाई काही गेल्या नाहीत. त्या खोकल्याचा माग काढत मीच फुप्फुसात उतरले.

तिथे एक गाठ होती, चांगली लिंबाएवढी. तिच्यातल्या पेशी आमच्याच, पण कामातून गेलेल्या. बघा, कोणतीही पेशी काही बनवायचं म्हटलं की आधी मूळ पोथीतून एक लांबलचक नक्कल काढते. त्या नकलेत मधेमधे नको असलेला भाग असतो. आत एक कातरणारा असतो. तो नकोसा भाग कापून फेकतो आणि कामाचे तुकडे एकमेकांना जोडतो. मालकीणबाई कापड बेततात आणि शिवतात, तसंच. या गाठीतल्या पेशींचा कातरणारा बिघडला होता. बाहीच्या मधोमध कातरणीतला टाकाऊ तुकडा ठेवून मेला शिवून मोकळा! त्यामुळे आत भलतंच काहीतरी बनत होतं, आणि कायद्याप्रमाणे त्याची चिंधी दारावर लटकत होती.

ती मी पाहिली मात्र, माझं टाळकंच सरकलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! मी पहिलीला फाडलं, दुसरीला फाडलं, सहा जणी मारल्या. सातवीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दमलीस ग बाई, बस जरा," म्हणाली. त्या हातात काय जादू होती कोण जाणे, माझे हातपायच गळाले. आजूबाजूला माझ्यासारख्या कितीतरी तशाच बसलेल्या होत्या, डोळे उघडे, अंगात त्राण नाही. आमच्यासमोर ती गाठ वाढत राहिली.

मग एक दिवस लेकीनं बाईंना ओढतच दवाखान्यात नेलं आणि वरून सुरी आली. गाठीचा एक तुकडा कापला गेला आणि त्या तुकड्याबरोबर मीही बाहेर आले.

डोळे उघडले तेव्हा मी प्लास्टिकच्या एका बशीत होते. खोलीत गारठा, फ्रिजची घरघर, आणि दोन माणसांचं भांडण. एक होते सगळ्यांचे सर. दुसरी एक बाई, जिला तिथले लोक भंगारवाली म्हणत. ही बाई संगणकानं फेकलेलंही पुन्हा उपसत बसायची, म्हणून हे नाव. आमच्या चिंधीला ही माणसं तुकडा म्हणत.

"यादीतले सहा तुकडे बनवून या पेशींपुढे लावून बघितले," सर म्हणाले. "एकीनंही मान वर केली नाही. तिकडे बाईंच्या अंगात गाठी तीन झाल्यात, ऑपरेशन होणार नाही. टेलरबाईंकडे दोन महिने आहेत. यादीत आता काय उरलंय?"

"यादीत नाही सर, यादीबाहेर आहे. आपली संगणकातली चाळणी प्रत्येक तुकडा ओळखीच्या तुकड्यांशी ताडून बघते. जुळला नाही की 'यंत्राची चूक' म्हणून कचऱ्यात. अहो, पण गाठीनं कात्रीच वेडीवाकडी चालवली असेल, तर तो तुकडा यादीत येणार कुठून? चोर धरायला निघालोय आपण, आणि ज्याचं नाव माहीत नाही त्याला सोडून देतोय!"

"ही अक्कलशून्य चाळणी लावली कुणी?"

"मी," भंगारवाली म्हणाली. "अडीच वर्षांपूर्वी. तुम्ही शाबासकी दिली होती."

सर खुर्चीत बसले. त्यांनी विचारलं, "तेव्हापासून किती पेशंट गेले या चाळणीतून?"

"एकोणीस," ती म्हणाली. "त्यातले चौदा आज नाहीत. विसावी ही आहे."

तिनं कचरा उपसला. त्यातून चौदा तुकडे काढले, बनवून घेतले आणि एकेक करून आमच्यापुढे टाकले. चौथ्या तुकड्याला पलीकडच्या बशीतली माझी शेजारीण उसळली. काय तिची ताकद! बशीतल्या गाठीच्या पेशी तिनं दोन तासांत चिरडल्या. अकराव्या तुकड्याला मी उठले. ती माझी चिंधी होती, तीच ती बाहीत शिवलेली कातरण. मीही मारलं, पण तिच्याएवढं नाही.

"चार नंबरवालीच घ्या," सर म्हणाले. "जोरदार आहे. वेळ नाही आपल्याकडे."

"एक दिवस द्या. आधी निरोगी शरीरात कुठे हा तुकडा सापडतो का बघते. या वेळी चाळणी उघडी ठेवून."

सापडला. हृदयाच्या पेशीही तीच चिंधी टांगत होत्या, थोडीशी का होईना; आमच्या शाळेच्या परीक्षेत ती आलीच नव्हती. माझी शेजारीण आत गेली असती तर तिनं टेलरबाईंचं हृदय फाडून ठेवलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी! माझी अकरा नंबरची चिंधी मात्र कुठेच नव्हती. शेजारणीच्या बशीत भंगारवालीनं जंतुनाशक ओतलं. "माफ कर ग बाई," ती म्हणाली. शेजारीण तडफडून गेली. तिचा काही गुन्हा नव्हता. मला वाईट वाटलं, आणि आपण वाचलो म्हणून हायसंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

मला त्यांनी खाऊ घातलं, डिवचलं, पुन्हा खाऊ घातलं. माझ्या अंगातली मरगळ गेली. एकीच्या दोन, दोनाच्या चार, पाच आठवड्यांत माझ्या लेकी अब्जावर गेल्या. आम्हाला जागा व्हावी म्हणून टेलरबाईंच्या रक्तातल्या जुन्या गस्तीवाल्या औषधानं मारून टाकल्या. मला टोमणे मारणाऱ्या सगळ्या संपल्या. मग पिशवी टांगली आणि आम्ही नळीतून आत घुसलो.

त्या लढाईचं काय सांगू! आम्ही भिंती फोडल्या. विष ओतलं. एकीला मारून तिच्या चिखलातून पुढच्या दाराशी गेलो. गाठीतल्या पेशी ओरडत होत्या, "अगं, आम्ही परक्या नाही! एकाच हाडामांसाच्या आहोत!"

"होतात," मी म्हटलं आणि भोसकलं.

आणि मला आनंद झाला, मित्रांनो. हो, झाला. चाळीस वर्षं ऐकून घेतलं होतं मी.

पण आम्हाला थांबायचं भान राहिलं नाही. आरोळ्या ठोकत आम्ही सगळ्या शरीराला पेटवलं. तिसऱ्या दुपारी ताप एकशेपाचावर गेला, रक्तदाब कोसळला, फुप्फुसात पाणी भरलं. कानामागच्या वाटेवरच्या लेकींनी बाहेरचं बोलणं आमच्यापर्यंत आणलं.

"बंद करा हे!" टेलरबाईंची लेक किंचाळत होती. "तुम्हीच सोडलंत ना हे तिच्या अंगात? काढा बाहेर!"

"काढता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "मारता येतं. पण सगळ्या मारल्या तर गाठीचा थोडा भाग मागे राहू शकतो."

"आणि नाही मारल्या तर?"

"तर संध्याकाळपर्यंत आई राहणार नाही."

"मग विचारताय काय? मारा!"

औषध आलं. माझ्या लेकी जिथे होत्या तिथे विरघळल्या, गाठीच्या दारात, हातातलं शस्त्र अर्धं आत गेलेलं असताना. अब्जांतल्या मूठभर उरलो. मी डॉक्टरला शिव्या घातल्या. मग टेलरबाईंचा श्वास सावकाश परत आला आणि माझी मलाच लाज वाटली. त्या मेल्या असत्या तर मी कुणाला वाचवलं असतं?

दोन महिन्यांनी डॉक्टर फोटो दाखवत म्हणाले, "आज काही दिसत नाही. बऱ्या झालात असं म्हणणार नाही मी. दर तीन महिन्यांनी यायचं. चुकवायचं नाही."

"आज दिसत नाही ना? मग आजचं काम घेते," टेलरबाई म्हणाल्या आणि हसल्या. भंगारवालीनं चाळणी कायमची बदलली. त्या एकोणिसांतल्या वाचलेल्या पाच जणांचा कचराही ती आता उपसते आहे.

पहिल्या दोन तपासण्यांना त्या गेल्या. तिसरी आली आणि पुन्हा जुनं गाणं सुरू झालं.

"आई, तारीख टळून दीड महिना झाला!"

"ठणठणीत आहे ग मी. शाळा उघडतायत, दोनशे गणवेश पडलेत. पुढच्या महिन्यात बघू."

आणि आता मी तुमच्याकडे का आले ते सांगते. बरगडीच्या आतल्या बाजूला, एका कोपऱ्यात, गाठीतली एक पेशी वाचली होती. मी तिच्या दाराशी गेले, तर दारावर चिंधी नाही. चिंधी कुठली, खुंटीच उपटून टाकलीय तिनं! अशा बिनखुंटीच्या घरांचा समाचार घेणाऱ्या दुसऱ्या गस्तीवाल्या असतात, पण त्या कोपऱ्यात कुणी फिरकत नाही. ती कोण आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. तिच्या एकीच्या दोन, दोनाच्या चार माझ्यासमोर झाल्या. मी दाराला धडका दिल्या. पण चिंधी दिसल्याशिवाय माझा हात उठत नाही, मित्रांनो. मी तशीच घडले आहे.

आज ती गाठ वाटाण्याएवढी आहे. फोटोत दिसेल एवढी मोठी, आणि सुरीनं अख्खी निघेल एवढी लहान. ही वेळ फार दिवस राहत नाही. लिंबाएवढी झाली की पसरते, आणि मग मी म्हातारी काही करू शकणार नाही.

माझा आवाज टेलरबाईंपर्यंत पोचत नाही. तुमचा पोचतो. या आठवड्यात तुम्ही मापं द्यायला त्यांच्याकडे जाल. टेप घेऊन त्या तुमच्यासमोर वाकतील, तेव्हा स्पष्ट सांगा, "टेलरबाई, माझा गणवेश राहू दे, आधी तपासून या." त्या हसतील, गालाला हात लावतील, "बघू हं," म्हणतील.

"बघू" म्हणाल्या, तर माप देऊ नका.