करवंटीचा कोळसा

“आत्याबाई, ते पाणी सांडू नका!”

अक्षराचा आवाज आला तेव्हा पार्वतम्मांनी ड्रम निम्मा कलता केला होता. उदगीरच्या सराफ्यामागे त्यांचं गलाईचं दुकान. जुनं सोनं तेजाबात विरघळवून चोख करायचं काम पुढं नवऱ्याचं, गुंडप्पांचं. उरलेल्या पाण्यात लोखंडाचा कीस टाकून राहिलंसाहिलं सोनं खाली बसवायचं काम मागच्या पडवीत पार्वतम्मांचं, लग्न होऊन आल्या तेव्हापासूनचं. सराफ्यात म्हणायचे, गुंडप्पाच्या घरी लक्ष्मी मागच्या दारानं येते.

“झालंय ते. काय न्हाई आता त्यात,” त्या म्हणाल्या.

“दिसत न्हाई, पण असतंय थोडं. कोळशानं धरून बघू का?”

लातूरला बी.एस्सी. केलेली ही सून घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. या पाण्यासाठी मुलगा महांतेश एका मशीनची चौकशी करत होता. किंमत ऐकूनच गुंडप्पांनी हात जोडले होते. हिनं मठातून नारळाच्या करवंट्या आणल्या, त्यांचा कोळसा केला, कुटून जुन्या धोतराच्या पिशवीत भरला आणि ते पाणी पिशवीतून थेंब थेंब झिरपायला ठेवलं.

“फुकटात!” गुंडप्पा जेवताना म्हणाले. “पार्वती, डोकं बघ हिचं. हरभऱ्याएवढं जरी निघालं न्हवं, तर पडवी हिच्याकडंच. तू कर मग निवांत पूजापाठ.”

“सुटली अव्वा,” महांतेश हसला.

पार्वतम्मांनी मुलाच्या ताटात भाकरी वाढली. पूजेला त्यांना कुणी कधी अडवलं होतं? लिंगपूजा झाल्याशिवाय त्या पाण्याचा घोट घेत नसत, आणि तरी पडवी चालत होतीच. सुनेच्या ताटातली भाजी संपलेली त्यांना दिसली. त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन त्या बसल्या, पण डोळ्यांपुढं ती पिशवीच येत राहिली. कोळसा कोराच निघू दे, महादेवा. मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. विभूती लावता लावता त्यांनी तेच परत मागितलं.

त्या दिवशी अक्षरा आणि महांतेश देवणीला लग्नाला गेले. सगळं पाणी झिरपून झालं होतं, पिशवी दोरीवर वाळत होती. दुकानातून गुंडप्पांचा आवाज येत होता, “आवाज कमी, काम जास्त, अशी सून हाय आमची!” कोण गिऱ्हाईक होतं कुणास ठाऊक. पार्वतम्मांनी दोरीवरची पिशवी काढली, न्हाणीत नेली आणि सगळा कोळसा बंबात ओतला. धूर उग्र निघाला. डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्या हलल्या नाहीत.

“आज पाणी लई कडक तापलं गं,” गुंडप्पा अंग पुसत म्हणाले.

संध्याकाळी अक्षरा परतली. लग्नातली साडी अंगावर असतानाच ती दोरीपाशी गेली. मग न्हाणीत. आतून बंबाची राख खरवडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती ताटात राख घेऊन.

“काय गं? काय झालं?” गुंडप्पांनी विचारलं.

अक्षरानं सासूकडे पाहिलं. पार्वतम्मा गहू निवडत होत्या. त्यांचा हात सुपातच थांबला.

“काही न्हाई मामा. कोळसा जाळायचाच होता. जाळल्याबिगर त्यातलं सोनं सुटत न्हाई. आत्याबाईंनी आधीच जाळून ठेवला.”

राखेत टाकणखार घालून मूस भट्टीत चढवली. निघालं ते ज्वारीच्या दाण्याएवढं. पण सोनं होतं.

“हरभरा न्हाई, पर हाय!” गुंडप्पांनी तो दाणा बायकोच्या तळहातावर ठेवला. “बंबात जाळायचं तुला कसं सुचलं गं? शेवटी हात तुझाच. ऱ्हाऊ दे पडवी तुझ्याकडंच.”

“हाव मामा. आत्याबाईंचाच हात,” अक्षरा म्हणाली आणि साडी बदलायला आत गेली.

तिच्या बोलण्यात टोमणा कुठं आहे, हे पार्वतम्मा शोधत राहिल्या. सापडला असता तर बरं वाटलं असतं.

सकाळी पूजा आटोपून त्या पडवीत आल्या. नवं पाणी ड्रममध्ये आलं होतं. अक्षरा स्वयंपाकघरात पीठ मळत होती. आज ती इकडे फिरकली नव्हती.

“अक्षरा,” पार्वतम्मांनी हाक मारली. “हिकडं ये.”

ती पिठाच्या हातांनीच दारात येऊन उभी राहिली.

“बंबातनं निम्मं सोनं उडून गेलं असंल न्हवं?” पार्वतम्मांनी पाण्याकडे बघतच विचारलं.

“जास्तच, आत्याबाई.”

पार्वतम्मांनी मान हलवली. पाट जरा सरकवून त्यांनी शेजारी जागा केली. लोखंडाच्या किसाचा डबा मात्र स्वतःच्या मांडीशी ओढून घेतला.