एका मताचा आमदार

"पेअरिंग मिळणार नाही," फ्राऊ हाइडेमान म्हणाल्या. "मी स्वतः विचारून आले. या विधेयकावर सवलत नाही म्हणतात."

पद्माकर तांबवेकर उभाच होता. लांडटागमध्ये, म्हणजे जर्मनीतल्या राज्याच्या विधानसभेत, पेअरिंगचा जुना शिरस्ता होता. एका बाजूच्या सदस्याच्या घरी काही बरंवाईट झालं, तर समोरच्या बाजूचाही एक जण मतदानाला बाहेर राहायचा. त्यामुळे पारडं होतं तिथंच राहायचं. आणि सध्या सरकारचं पारडं जड होतं ते अवघ्या एका मतानं.

"माझी बहीण आहे हो," तो म्हणाला. "आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. डॉक्टर म्हणतात, लवकर या."

"मला फार वाईट वाटतंय." फ्राऊ हाइडेमान पक्षाच्या प्रतोद होत्या. वाईट वाटण्याचाही त्यांना सराव होता. "तुम्हाला अडवणारी मी कोण? प्रत्येक सदस्य आपल्या विवेकाला बांधलेला असतो. फक्त तुम्ही गेलात आणि विधेयक पडलं, तर सरकार पडेल. एवढं तुमच्या कानावर घालणं माझं काम."

हॅनोव्हरहून वोल्फ्सबुर्गला परतताना पद्माकर गाडीत डोळे मिटून बसला. मिरजेचा हा पोरगा मोटारींच्या ब्रेकचं डिझाइन करायला इथं आला होता. राहत्या वस्तीत बसथांबा हवा म्हणून शेजाऱ्यांच्या सह्या घेत हिंडला, आणि त्या नादात नगरपरिषदेत निवडून आला. तिथून पक्षानं त्याला राज्याच्या उमेदवार यादीत वरचा क्रमांक दिला आणि तो विधानसभेत पोचला. पोस्टरवर त्याचा सावळा चेहरा छान दिसायचा. पहिल्या वर्षी त्यानं वाहतूक समिती मागितली, तर मिळाली इंटिग्रेशनची, म्हणजे स्थलांतरितांना सामावून घेण्याची. दुसऱ्या खेपेलाही तीच. रस्ते आणि ब्रेक यांतलं त्याला जेवढं कळत होतं, तेवढं सभागृहात कुणाला कळत नव्हतं. पण त्याला बोलायला उठवत ते परदेशातून आलेल्यांचा विषय निघाला की. 'आमचे श्रीयुत तांबवेकर स्वतःच याचं उदाहरण आहेत,' असं कुणीतरी म्हणायचं आणि टाळ्या पडायच्या. इतक्या वर्षांत उदाहरणाच्या वर त्याला बढती मिळाली नाही.

मिरजेत मात्र स्नेहलताअक्काच्या लेखी तो आमदार होता. शाळेतून निवृत्त झालेली अक्का भाजीवालीपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना सांगायची, "आमचा पद्या जर्मनीत आमदार आहे." मग लोक विचारायचे, गाडी कुठली, पोलीस किती? अक्का म्हणायची, "सायकलवरनं जातो. तिकडचे आमदार तसेच असतात."

घरी विभावरीनं बॅग भरून ठेवली होती. त्याचा चेहरा बघूनच ती समजली.

"अहो, तुम्ही थांबताय?"

"परवा मतदान आहे. ते झालं की थेट विमानतळावर जातो."

"आणि तोवर काही झालं तर?"

"सरकार पडेल, विभा. एका मतावर आहे सगळं."

"पडू दे की! सरकारं परत येतात."

लेक अन्वी जिन्यात उभी राहून ऐकत होती. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं. "पापा, फ्लीग डोख आइनफाख!" ती म्हणाली. जा ना सरळ, बस विमानात.

तो दोघींवर खेकसला. तुम्हाला जबाबदारी कळत नाही, वगैरे. पण खरी गोष्ट अशी होती, की आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावाचून काहीतरी अडत होतं. दुपारी खुद्द मुख्यमंत्र्यांनी कॉरिडॉरमध्ये थांबून त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. त्या हाताची ऊब अजून गेली नव्हती.

रात्रीच्या जेवणाआधी त्यानं मिरजेला फोन लावला. चुलतभावाच्या मुलानं, प्रसन्ननं, दवाखान्यात अक्काच्या कानाशी धरला.

"पद्या, निघालास का रे?"

"निघतो अक्का. परवा मतदान आहे, तेवढं उरकलं की लगेच."

"कसलं मतदान?"

"दोन जिल्हे एकत्र करायचेत. फार भांडणं चालली आहेत इथं."

अक्काला धाप लागली होती. जरा थांबून ती म्हणाली, "साताऱ्यातनं आपली सांगली वेगळी काढली, तेव्हापण लोक असेच भांडले असतील. काय झालं? कृष्णा आपली वाहत्येय तिथनंच."

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं, असू दे. आमदारानं मत द्यायलाच पाहिजे. दे आणि ये."

मतदान नावं पुकारून झालं. त्याचं नाव आलं. तो "या" म्हणाला, होकाराचा तो जर्मन 'या', आणि खुर्चीखालची बॅग उचलून बाहेर पडला. निकाल त्याला गाडीत फोनवर कळला. विरोधी बाकांवरचे दोघे जण आलेच नव्हते. विधेयक तीन मतांनी पास झालं होतं. नशीब, असं तो स्वतःशी म्हणाला. तेवढ्यात प्रसन्नचा फोन आला.

"काका, सकाळी गेली अक्का. तुमचं मतदान होईपर्यंत कळवायचं नाही, असं तिनंच बजावलं होतं."

मिरजेत पोचला तेव्हा कृष्णाघाटावरचं सगळं आटोपलं होतं. भेटायला आलेले लोक त्याला 'आमदारसाहेब' म्हणत होते आणि खुर्ची पुढं करत होते. तो खाली सतरंजीवर बसला, पण तिथूनही त्याला कुणाच्या नजरेला नजर देता येईना.

पुढच्या वर्षी नवी यादी ठरली. पक्षाला आता तरुण चेहरा हवा होता. वडील दमास्कसचे आणि स्वतः डॉक्टर असलेली एक मुलगी त्याच्या जागी आली आणि त्याला इतकं खाली ढकललं, की तिथून निवडून येण्याची आशाच नव्हती. त्यानं नाव मागे घेतलं. निवृत्त होणाऱ्या सदस्यांच्या निरोपाला वाइनचे पेले फिरत होते, तेव्हा विरोधी पक्षाचे म्हातारे ओल्टमान त्याच्याजवळ आले. तेही सोडून चालले होते.

"तुमच्या बहिणीचं कळलं होतं मला," ते म्हणाले. "वाईट झालं. पण निदान शेवटी तिच्याजवळ होतात ना?"

"नव्हतो. मी मतदानाला थांबलो होतो."

ओल्टमान त्याच्याकडे बघतच राहिले. "का? मी हाइडेमानबाईंना मतदानाच्या दोन दिवस आधी, संध्याकाळीच सांगितलं होतं. आमच्या गावांना ते विधेयक हवंच होतं, म्हणून आम्ही दोघं येणार नव्हतो. म्हटलं, तुमच्या त्या माणसाला आज रात्रीच जाऊ द्या."

पद्माकरनं पेला टेबलावर ठेवला आणि खिडकीजवळ हसत उभ्या असलेल्या फ्राऊ हाइडेमानना गाठलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी नाकारलं नाही. "विरोधकाच्या तोंडी शब्दावर मी सरकार पणाला लावायला हवं होतं का? माझ्या जागी तुम्ही असतात तर?"

"मला सांगायचं तरी. मी ठरवलं असतं."

"हे बघा, श्रीयुत तांबवेकर," त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "तुम्हीच ठरवलंत. दार उघडं होतं."

वर्षभर जे तो स्वतःला सांगायचं टाळत होता, ते ही बाई वाइनचा पेला हातात धरून सहज बोलून गेली होती. तो ओव्हरकोट घालून बाहेर पडला. निरोपाची भाषणं व्हायची होती, पण त्याला शोधायला मागून कुणी आलं नाही.

निवडणुकीच्या रविवारी वोल्फ्सबुर्गच्या मतदान केंद्रांवर माणसं कमी पडत होती. नगरपालिकेनं विचारलं आणि तो हो म्हणाला. विभावरी चिडली. "त्यांनी तुम्हाला बाहेर काढलं, आणि तुम्ही त्यांच्याच मतपत्रिका मोजणार?"

"कुणीतरी नीट मोजायला पाहिजे," तो म्हणाला.

शाळेच्या जिम्नॅशियममध्ये तो दिवसभर टेबलामागं बसून होता. काही जुने शेजारी हसले, काहींनी ओळख दाखवली नाही. संध्याकाळी दारं बंद झाली, पेटी टेबलावर उपडी केली आणि सगळे गठ्ठे लावू लागले. त्याच्या पक्षाचा गठ्ठा बऱ्यापैकी वाढत होता.

शेजारी बसलेल्या तरुण शिक्षिकेनं एक मतपत्रिका त्याच्यापुढं सरकवली. "हिचं काय करू?"

पत्रिकेवर एकाही पक्षापुढं खूण नव्हती. खालच्या कोऱ्या जागेत कुणीतरी कापऱ्या, म्हाताऱ्या अक्षरात एक नाव लिहिलं होतं, स्पेलिंगच्या दोन चुका करून, आणि त्यापुढं स्वतःच्या हातानं गोल काढून त्यात फुली मारली होती. 'टांबवेकार'.

"कोण हे?" शिक्षिकेनं विचारलं. "उमेदवार आहेत का?"

"नाही."

"मग?"

पद्माकरनं पत्रिकेची दुमडलेली कड तळहातानं सपाट केली.

"उंगुल्टिग," तो म्हणाला. अवैध. आणि त्यानं ती आपल्या हातानं बाद मतांच्या गठ्ठ्यावर ठेवली, कडा जुळवल्या, आणि पुढची पत्रिका उचलली.