चार थरांचा राजहंस

गावात बाइंडरइतका पक्का माणूस दुसरा नाही, असं गावातल्या एका माणसाचं ठाम मत होतं. तो माणूस म्हणजे खुद्द बाइंडर. त्यानं बांधलेलं पुस्तक पाण्यात पडलं तरी पान सुटत नसे. वाचायला नीट उघडतही नसे, असं लोक म्हणत. पण लोकांचं काय, त्यांना पुस्तकं वाचायची असतात.

अशा पक्क्या माणसाचा कंदील मागच्या थंडीत भर चौकात फाटला होता. दरवर्षीच्या दिव्यांच्या मिरवणुकीसाठी बाइंडर आणि त्याचा मेहुणा, गावचा वायरमन, मिळून एक कंदील करत. कागद दाजींचा, दिवा मेहुण्याचा. त्या वर्षी वाऱ्यानं कागदी माशाचं पोट टरकन फाटलं आणि शंभर माणसांदेखत बाइंडर म्हणाला, "तुझी वायर टोचली." वायर टोचली नव्हती. कागद चिकटवायची खळ पातळ झाली होती, आणि हे कळायला तीस वर्षांचा अनुभव लागत नव्हता. वायरमन शिडी खांद्यावर घेऊन चालू लागला. तेव्हापासून त्यानं बहिणीच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

बायको भांडी घासताना गुणगुणे, नवऱ्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात:

माझ्या दारावरून जातो, भाऊ वळून बघेना
किती वात पुढे सारू, दिवा माझा गं लागेना

यावर एक सोपा उपाय होता, माफी मागणं. तो सोडून बाकी सगळ्यांचा बाइंडरनं विचार केला. शेवटी ठरलं, यंदा वादळातही फाटणार नाही असा कंदील करायचा. तो बघून मेहुणा आपणहून येईल आणि म्हणेल, "दाजी, काय हात आहे!" मग मागचं उकरून काढतंय कोण?

त्यानं राजहंस करायला घेतला. कामट्यांच्या सांगाड्यावर पांढराशुभ्र कागद चढवला. मग आतून अस्तर. सांध्यांवर कापडाच्या पट्ट्या. पोटाशी पातळ पुठ्ठा. वरून पुन्हा कागद. कागद दिसला की त्याला पाठबळ द्यायचं, ही त्याच्या हातांची सवय होती. त्यात डोक्याला विचारायची पद्धत नव्हती.

"बदक छान झालंय," बायको म्हणाली. "एकदा आत दिवा लावून बघा."

"पुस्तक बांधून झालं की मी वाचून बघतो का?"

"नाही बघत. तीस वर्षं पाहतेय मी."

मिरवणुकीच्या संध्याकाळी रस्त्यातल्या झाडांवर निळे धागे उजळले होते. वाचनालयाच्या भिंतीवरून उजेडाची पानं गळत होती, गळत होती, आणि एकही जमिनीला टेकत नव्हतं. ही सगळी करामत वायरमनची. तो जवळच शिडीवर होता, पाठ फिरवून.

मिरवणुकीचं सगळं बघणाऱ्या बाईंनी शिट्टी वाजवली. पुढे चंद्र उजळला, मागे सुताराचं कासव उजळलं. बाइंडरनं विकत आणलेल्या दिव्याचं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं.

बायको वाकून हंसाच्या बुडाच्या भोकातून आत डोकावली. "दिवा लागलाय की. आत लख्ख आहे. हंसाला सगळं स्वच्छ दिसत असणार."

"बदक झोपलंय का?" सुतारानं विचारलं.

"राजहंस आहे तो."

"असेल बाबा. अंधारात काय कळतंय."

बाई जवळ आल्या. "उजेड नसलेला कंदील नाही हो घेता येणार रांगेत."

बाइंडरनं शिडीकडे बघितलं. वर्षभर आखलेल्या बेतात मेहुणा त्याच्याकडे येणार होता. पावलं मात्र त्याचीच शिडीकडे निघाली.

"बल्ब गेला असेल," वायरमन मागे न बघता म्हणाला.

"बल्ब चालू आहे."

आता मात्र तो वळला. खाली उतरला, हंसाजवळ येऊन त्याच्या पोटावर बोटानं टकटक केली. बंद दारासारखा आवाज आला.

"किती थर?"

"चार."

"तिजोरी केलीत की, दाजी."

तो 'दाजी' बाइंडरनं वर्षानं ऐकला होता. तो हंसाच्या मानेकडे बघत म्हणाला, "तेव्हा वायर टोचली नव्हती. माझी खळ पातळ होती."

"हंसाला सांगताय का मला?"

"तुला."

"तेव्हा तर शंभर माणसं ऐकत होती."

बाइंडर रांगेकडे वळला आणि तेच वाक्य मोठ्यानं म्हणाला. आपल्या या कबुलीनं गाव हादरेल असं त्याला वाटलं होतं.

"आम्हाला तेव्हाच कळलं होतं," सुतार म्हणाला, आणि कासवाची शेपटी नीट करू लागला.

वायरमननं पिशवीतून कामाचा मोठा बॅटरीचा दिवा काढला. "आतून जमत नाही तर बाहेरून," म्हणत त्यानं झोत हंसावर टाकला. हंस दुधासारखा पांढरा झाला. बाईंनी एकदा यादीकडे बघितलं, एकदा हंसाकडे, आणि रांगेत चला म्हणून हात केला.

वायरमन उलटा चालत पुढे निघाला, त्याची बहीण त्याच्या पाठीमागची माणसं बाजूला करत. हंस खांद्यावर घेतलेल्या बाइंडरच्या डोळ्यांवर सगळा उजेड येत होता आणि त्याला पुढचं काही दिसत नव्हतं. जन्मात कुणाचं न ऐकलेला माणूस आता मेहुणा सांगेल तिथं पाऊल टाकत होता. डोळे मिचकावत, घामाघूम. कडेला उभ्या माणसांतल्या निम्म्यांना तर तोच यंदाची कलाकृती वाटला.

"डावीकडे, दाजी. अजून. खड्डा आहे, पाय उचला."

"जेवायला येतोयस ना?" बहिणीनं चालता चालता विचारलं.

"येतो, ताई. आधी यांना गटारापासून वाचवू दे."