धाकटीची वॉरंटी

बाबा छपाईच्या मशीनला धाकटी म्हणत. थोरली मी. आमच्या दोघींत तेहतीस वर्षांचं अंतर. लाड मात्र सगळे तिचे.

"थोरली जशी आली तशी ठेवून घेतली," ते गिऱ्हाइकांना सांगत, "तिला वॉरंटी नव्हती. हिला तीन वर्षांची आहे."

दुकानाची पुढची खोली सगळी तिनंच व्यापली होती. सहा फूट रुंद, अंगानं राखाडी. पाट्या, पोस्टरं, गाड्यांवरचे स्टिकर, काय म्हणाल ते छापायची. काम नसलं तरी दिवसातून दोन-तीनदा गुरगुरून स्वतःची साफसफाई करायची आणि त्यात शाई प्यायची. "बसून खाते," आई म्हणायची. बाबा म्हणत, "खाऊ दे. उपाशी राहिली तर जास्त महागात पडेल." समोरचा दुकानदार निम्म्या किमतीची शाई भरायचा आणि बाबांनाही आग्रह करायचा. बाबांनी ती कधी दारातसुद्धा येऊ दिली नाही.

वॉरंटीची पुस्तिका बेचाळीस पानांची होती. मी ग्रंथालयात काम करते, वाचणारी माणसं रोज बघते. पण इतकं मन लावून वाचलेलं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. समासात पेन्सिलीच्या खुणा, कोपरे दुमडलेले. नवव्या कलमाखाली तर दोन रेघा होत्या. मशीन सलग तीन दिवसांहून जास्त न चालवता ठेवली, तर हेडची वॉरंटी रद्द. हेड म्हणजे शाईचे बारीक थेंब सोडणारा तळहाताएवढा भाग. नवा घ्यायचा तर मशीनच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी किंमत.

म्हणून बाबा रोज सकाळी, सुट्टी असो की ताप असो, तिच्याकडून एक हातभर पट्टी छापून घेत. पट्टीवर नुसत्या रंगीत बारीक रेघा. एखादी रेघ मध्येच तुटली, की समजायचं, कुठलं तरी छिद्र तुंबलंय. पट्टीच्या मागे तारीख घालून ती खिळ्याला टोचायची, मग चहा.

दुरुस्तीला कंपनीचा एक तरुण इंजिनिअर यायचा, उंच आणि भिडस्त. बाबांनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं होतं. "धाकटीसाठी येतात, चहा घेतल्याशिवाय जात नाहीत आणि बोलावल्याशिवाय फिरकत नाहीत. दुसरं काय म्हणणार?" तो कानापर्यंत लाल व्हायचा. पण फोनवर मात्र तोही म्हणायचा, "सासरेबुवा, आज कुठलं कलम काढलंत?"

बाबांना रात्री दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद होतं. चार दिवस तिथे गेले. बाबा गेल्यानंतरचे पंधरा दिवस घर माणसांनी भरलेलं. विसाव्या दिवशी मी कुलूप काढलं. रजा वाढवून घेतली होती. दुकान चालवून बघायचं, असं मी ठरवलं होतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुझं तू बघ," आणि ओट्याकडे वळली. तिला दुकान चालू राहायला हवंय ते तिच्या पाठीवरूनही कळत होतं.

पहिल्याच दिवशी मी बाबांची वही उघडली. कुठल्या कामाला किती शाई, किती फूट रोल, सगळं त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. पण मशीनच्या पडद्यावरची शाई आणि वहीतली शाई जुळेना. काळी तर जवळजवळ संपली होती, आणि वहीप्रमाणे अर्धा उरायला हवा होता तो रोलही संपत आलेला. बाबांच्या वहीत अशी चूक मी कधी पाहिली नव्हती. म्हणजे शेवटचे काही आठवडे ते चुकत होते, आणि दर रविवारी जेवायला येऊनही मला ते दिसलं नव्हतं. मी वही मिटून ठेवली. आईला काही बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी लाल रंग गेला. छापलेले चेहरे हिरवट यायला लागले. मी तक्रार नोंदवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनिअर आला. दारात चपला काढून तो क्षणभर बाबांच्या खुर्चीकडे बघत राहिला, मग पिशवी उघडली. आई माझ्यासोबत आली होती, पण आत येईना. उंबऱ्याशीच पदर मुठीत धरून उभी.

"आई, बस ना."

"मी बरी आहे इथे."

तासाभरानं त्यानं हात पुसले. "ताई, हेडच गेलंय. आतलं सर्किट. तुंबलेलं नाही, म्हणजे चूक तुमच्याकडची नाही. वॉरंटीचे अजून पाच महिने आहेत. फक्त…"

"कलम नऊ."

"हो." त्यानं आवाज खाली आणला. "फॉर्मवर 'मशीन नियमित चालू' एवढं लिहिलं की झालं. ऑफिसवाले सगळ्यांच्याच नोंदी उघडून बघत नाहीत. मी काही विचारत नाही, तुम्ही काही सांगू नका."

हेड मिळालं नाही तर दुकान संपलं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. समोरचा दुकानदार मशीन भंगाराच्या भावात उचलायला तयारच होता. दोनदा विचारून गेला होता. मी फॉर्मकडे बघितलं. बाबा कंपनीशी तावातावानं भांडायचे, पण खोटं कधी सांगायचे नाहीत. 'एकदा खोटं सापडलं की उरलेली सगळी कलमं त्यांची,' असं त्यांचं म्हणणं. आणि मला त्या माणसाची नोकरीही दिसत होती.

"एकोणीस दिवस दुकान बंद होतं," मी म्हणाले. "तसंच लिहा."

मान हलवून त्यानं लॅपटॉप मशीनला जोडला. "मग मशीनमधली नोंदही जोडावी लागेल."

पडदा बघता बघता तो थांबला. खाली गेला, परत वर आला.

"ताई, दुकान बंद होतं ना?"

"म्हटलं ना."

"मग हे रोज सकाळी सव्वासातला कोण छापत होतं? तीन बाय चार. एकच फाईल. एकोणीस दिवस, एकही खाडा नाही."

मी मागे वळले. आई रडत होती. माणसं जमली होती तेव्हाही मी तिला अशी रडताना पाहिली नव्हती.

"माझ्यामुळेच बिघडली," ती म्हणाली. "ह्यांनी दवाखान्यात सांगितलं होतं, धाकटीला रोज चालव, एक दिवस चुकवू नकोस. पट्टी काढ म्हणाले. पट्टीचं बटण मला सापडेना. हिरवं दाबलं तर आधीचंच पोस्टर परत यायचं. मी म्हटलं, येऊ दे, चालतेय ना. आता ही बिघडली, तर तुला सांगायची हिंमत होईना."

"फिरायला जाते म्हणायचीस ती…"

"चालतच यायचे की."

इंजिनिअर उठून तिच्याजवळ गेला. "काकू, तुम्ही काही बिघडवलं नाहीत. हेड आपलं आपण गेलं. उलट तुम्ही चालवली नसतीत, तर आज मला हात वर करावे लागले असते."

आईनं आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं, आम्ही दोघं मिळून तिची समजूत काढतोय की काय अशा नजरेनं. मी वही काढली. एकोणीस पोस्टरांचे चौरस फूट मांडले, शाई काढली. काळी जुळली. रोल जुळला. बाबांची वही शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर होती. आकडे मला काही वेळ नीट दिसेनात.

"पोस्टरं कुठेत?"

तिनं माळ्याकडे बोट केलं. रिकाम्या खोक्यांमागे जाडजूड गुंडाळी होती, साडीच्या काठानं बांधलेली. मी सोडली. दातांच्या डॉक्टरचं पोस्टर, बाबांचं शेवटचं काम. भलंमोठं हसणारं तोंड, पांढरेशुभ्र दात, पाठीमागे सगळं काळंकुट्ट. त्याखाली दुसरं तसंच. त्याखाली तिसरं. सगळी जमीन हसायला लागली. इंजिनिअरनं तोंडावर हात दाबला, पण आवाज निसटलाच. मग मीही हसले, आणि शेवटी आईसुद्धा.

"एवढी शाई!" ती डोळे पुसत म्हणाली. "ह्यांनी मला घराबाहेर काढलं असतं."

"फॉर्मवर कारण लिहावं लागतं," इंजिनिअर म्हणाला. "एकच फाईल एकोणीस वेळा का छापली. काय लिहू?"

"जे झालं ते."

त्यानं थोडा विचार केला आणि लिहिलं: रोजची देखभाल.

"जावईबापू," आई म्हणाली, "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही." तो कानापर्यंत लाल झाला.

नवं हेड नवव्या दिवशी आलं. ते बसवून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला पट्टीचं बटण दाखवलं. पट्टी सरसरत बाहेर आली. रेघा एकूण एक अखंड. आईनं ती हातात घेतली, चष्मा सारखा करून उलटसुलट बघितली.

"एवढंच?"

"एवढंच. शाईही थेंबभरच."

तिनं मागे तारीख घातली आणि पट्टी खिळ्याला टोचली. मग जरा थांबून म्हणाली, "ते तोंड बरं होतं गं. ह्या रेघांशी काय बोलणार?"