वेस पाडल्यानंतरचा पोळा

उमरझिरे हे गाव नंदुरबार शहराच्या हद्दीत घ्यावं म्हणून सगळ्यांत जास्त जोडे झिजवले ते सुकलाल पाटलांनी. रनाळ्याचे सोयरे त्यांना हसत हसत खेडवळ म्हणत, आणि ते पाटलांच्या फार जिव्हारी लागे. १९३८ साली हद्द खरंच वाढली, गावात दिव्याचे खांब आले. पाटील संध्याकाळी मुद्दाम खांबाखाली उभे राहून विडी ओढू लागले. विडी जुनीच होती, पण ती आता शहरात ओढली जात होती.

पाठोपाठ केवलचंद शेठजींनी गावात कापसातली सरकी काढायचा कारखाना, जीन, टाकला. त्यांची लॉरी गावच्या वेशीतून जाईना. शेठजी बिचारे काही बोलले नाहीत, पाटीलच बोलले.

"पाडी टाका. शहरले वेस ऱ्हास का कोठे?"

पहिली कुदळ त्यांनीच मारली. त्यांच्या बायको कौसाबाई तेवढ्या म्हणाल्या, "आनि पोयाले काय करशात?"

पाटलांनी दुसरी कुदळ मारली.

पोळ्याला दरसाल पाटलांची बैलजोडी वेशीपाशी थांबे. कौसाबाई खुरांवर पाणी घालून पुरणपोळी भरवत. मग ती जोडी तोरण तोडून आधी आत शिरे आणि मागून सारा गाव. शहरात आल्यापासून पाटलांना कचेरीतला शिपाईसुद्धा बसा म्हणत नव्हता. उरला होता तो हा एवढाच मान, आणि त्यावर भिला नावाच्या त्यांच्या भाऊबंदाचा कधीपासून डोळा होता. पोळा जवळ आला तशी पाटलांची झोप उडाली.

वाट काढली ती शेठजींनीच. "पाटील, तोरन मन्हा जीनना गेटले बांधा. पहिला मान तुमनाच."

जीनचं फाटक वेशीच्या जागेपासून चांगलं पुढे होतं. कौसाबाई ताट घेऊन तिकडे जाऊन उभ्या राहिल्या. वाजंत्री निघाली, शिंगं रंगवलेली पाटलांची जोडी पुढे डौलात चालली. आणि जिथे वेस होती तिथे, ऐन रस्त्यात, दोन्ही बैल थांबले.

पाटलांनी कासरा ओढला, चुचकारलं, शेवटी आयुष्यात पहिल्यांदा पोळ्याच्या दिवशी बैलांवर हात उगारला. बैल ढिम्म. समोरून आलेली लॉरी भोंगा वाजवू लागली. भिलाची जोडी नुकतीच बाजारातून आणलेली, तिने उमरझिऱ्याची वेस कधी पाहिलीच नव्हती. ती बाजूने निघाली ती थेट तोरण तोडून आत गेली. गुलाल उधळला गेला.

पाटलांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काय व्हयनं या जनावरेसले?" ते ओरडले.

कौसाबाई ताट घेऊन उलट चालत आल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "काही नही व्हयनं. आपलं गाव शहर व्हयनं, हाई त्यासले कोनी सांगेल नही."

भर रस्त्यात वाकून त्यांनी खुरांवर पाणी घातलं, पोळी भरवली. मग कोणी न हाकताच जोडी निघाली, नेहमीच्या रुबाबात. फाटकापाशी पडलेली आंब्याची पानं तुडवत ती सगळ्यांच्या शेवटी आत गेली, आणि तिच्यामागून मान खाली घालून सुकलाल पाटील.