फाईलमधली ओळ

डावा हात मनगटाच्या वर तुटून गेला त्याला अडीच महिने झाले होते, आणि ताईचा अंगठा अजून दुखत होता. त्याच हाताचा अंगठा.

पुस्तकबांधणीच्या कारखान्यात ती सोळा वर्षं कागद कापायच्या मशीनवर होती. काम लवकर उरकावं म्हणून मुकादमाने पात्यापुढचं झाकण काढून ठेवलेलं. एका सकाळी गठ्ठा सरळ करताना पातं खाली आलं. पुढचं सगळं दवाखान्यातच.

जखम भरली, टाके निघाले. पण नसलेल्या हाताची मूठ सुटेना. इतकी घट्ट आवळलेली, की अंगठा आत मुडपलेला आणि नखं तळव्यात रुतलेली. सोडवायची म्हटलं तर सोडवणार काय? समोर नुसती बाही लोंबत असायची.

"अगं, जे नाहीच ते दुखेल कसं?" सासूबाई म्हणायच्या. वाईट हेतूने नव्हे, त्यांना खरंच कळत नव्हतं. नवरा बिचारा पाठीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "मनावर घेऊ नकोस." त्या 'मनावर'ने तिचं डोकं सणकायचं. दुखत होतं हातात, आणि जो तो बोलत होता मनाबद्दल.

डॉक्टर तर वरताण. तरुण होता, हुशार असेल, पण मान कागदातून वर म्हणून काढायचा नाही.

"गाणी ऐका, लक्ष दुसरीकडे गुंतवा," तो म्हणाला.

"नखं रुततात हो तळव्यात."

"कुठली नखं?" असं म्हणून तो हसला. चक्क हसला.

त्या बुधवारी व्यायामाच्या खोलीबाहेर बाकावर बसल्या बसल्या तिने फाईल मांडीवर घेऊन एका हाताने उघडली. शेवटच्या पानावर ओळ होती : 'वेदना काल्पनिक. लक्ष वेधून घेण्यासाठी वारंवार तक्रारी.' तिने ती तीनदा वाचली. कानशिलं तापली. सोळा वर्षं मशीनपुढे उभी राहिलेली बाई, कुणाचं लक्ष वेधायला आली होती ती इथे?

"बोट कुठलं?" शेजारून आवाज आला.

बाकाच्या टोकाला पन्नाशीचा एक माणूस बसला होता. उजवा पाय गुडघ्याखाली लाकडी. तो वेल्डर होता, हे नंतर कळलं.

"काय?"

"दुखतंय ते बोट कुठलं, विचारतोय."

"अंगठा," ती म्हणाली. "आत वळून बसलाय."

"माझी टाच. तापलेली सळई टेकवल्यासारखी. चार वर्षं झाली."

अडीच महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं, बोट कुठलं ते. ताईला रडू फुटलं. त्याने समजूत घातली नाही. रडणं आवरल्यावर म्हणाला, "चला, आमची मंडळी आत बसलीत."

आत, दोऱ्या आणि वजनं ठेवायच्या कोंदट खोलीत, दर बुधवारी दहा वाजता ते जमायचे. साखरेच्या आजारात एक पाय गेलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, आणि खांद्यापासून हात गमावलेला ट्रक ड्रायव्हर. चहा प्यायचे, शिव्या घालायचे, एकमेकांचं ऐकायचे. बाईंनी ताईपुढे एक आरसा उभा केला. उजवा हात आरशासमोर, डावा त्याच्यामागे झाकलेला. "आरशात बघ. दोन्ही मुठी आवळ. आता दोन्ही हळूहळू सोड."

ताईला पोरखेळ वाटला. पण आरशात तिला डावा हात दिसत होता, आणि त्याची बोटं उलगडत होती. अंगठा सुटला. पूर्ण नाही, अर्धा. जेमतेम तीन मिनिटं. त्या तीन मिनिटांत तिने पोटभर श्वास घेतला.

"मला नाही लागू पडलं हे," वेल्डर म्हणाला. "मी आपला खुंट थोपटत बसतो. ज्याला जे मानवेल ते."

मग तिने फाईल पुढे केली. वेल्डरने वाचली आणि आपली उघडली. तीच ओळ. बाईंच्या फाईलमध्ये तीच. ड्रायव्हरने आपली कधी उघडलीच नव्हती, त्याच्यातही तीच.

"तीस वर्षं पेपर तपासलेत मी," बाई म्हणाल्या. "कॉपी लगेच ओळखते."

"तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या," वेल्डर म्हणाला, "आणि तो तळपाय तर कधीच गेलाय!"

हसता हसताच चौघं उठले. कुबड्या, लाकडी पाय, रिकाम्या बाह्या, अशी ती वरात डॉक्टरच्या खोलीत शिरली.

"एकेकटे या," तो म्हणाला.

"एकेकटे आलो म्हणूनच तर ही ओळ लिहिली गेली," वेल्डर म्हणाला.

"ती वैद्यकीय भाषा आहे. तुम्हाला नाही कळणार."

ताईने फाईल टेबलावर आपटली. "सोळा वर्षं पुस्तकं बांधलीत मी. 'काल्पनिक' म्हणजे काय ते कळतं मला. हात नाही, हे तुम्ही मला सांगू नका, बाही मीच दुमडते रोज. दुखणं कळलं नाही तर 'कळलं नाही' असं लिहा. मला खोटारडी का ठरवता?"

गलका ऐकून विभागाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी चारही फायली उभ्यानेच वाचल्या.

"हे नसांचं दुखणं आहे," त्या म्हणाल्या. "अवयव गेला तरी तिथल्या वेदना खऱ्या असतात. हे शिकूनच आपण डॉक्टर होतो." त्या कुणाला म्हणाल्या ते खोलीत सगळ्यांना समजलं. त्यांनी ओळ खोडली, खाली 'वेदना खऱ्या, नसांचं औषध सुरू करावं' असं लिहिलं आणि सही केली. तरुण डॉक्टर खिडकीबाहेर पाहत राहिला. 'चुकलं' हा शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही.

"आणि कपाटातल्या बाकीच्या फायली?" ताईने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी कपाट उघडायला सांगितलं. पुढच्या बुधवारी त्या स्वतः कोंदट खोलीत आल्या. तीच ओळ असलेल्या आणखी तेवीस फायली निघाल्या होत्या. तेवीस जणांना परत बोलावणं गेलं.

औषधाने ताईचा अंगठा गप्प झाला असं नाही. पण दिवसभर ठणकायचा तो आता दिवसातून दोन-तीनदा ठणकू लागला, आणि तेव्हा आरसा होता. राग मात्र तसाच राहिला. तो जावा असं तिला वाटलंही नाही.

महिन्याभराने दवाखान्याच्या कचेरीतून एक गृहस्थ कॅमेरा घेऊन आले. भिंतीवर लावायला 'आमचे हिंमतवान रुग्ण' असा फोटो हवा होता. "जरा हसा," ते म्हणाले.

"हिंमत आमची आहे, तुमची नाही," ताई म्हणाली. "भिंतीला दुसरं काहीतरी शोधा."

गृहस्थ पुटपुटत निघून गेले. त्यांच्यामागे दारात एक मुलगी उभी होती, तेवीस जणांपैकी एक, काखेतल्या कुबडीवर रेलून, आत यावं की परत फिरावं अशा विचारात. बाईंनी उरलेल्या पायानेच एक खुर्ची पुढे सरकवली आणि ड्रायव्हरने तिच्यासाठी चहा ओतला.