चोवीसवर थांबलेली चिठ्ठी

तिला सगळे कात्री म्हणायचे. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कापड बेतायची आणि कापायची. कापडाचे चाळीस थर एकावर एक घालून एका दमात बाही उतरवायची आणि खडूच्या रेषेबाहेर एक दोरा जायचा नाही. जीभही तशीच चालायची, म्हणून नाव चिकटलं ते चिकटलंच. नवरा तेच नाव लाडानं घ्यायचा, सासू तेच रागानं.

तीन वर्षांपूर्वी याच बाईला स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नव्हती. रोज आठ तास टेबलावर वाकून कंबर कामातून गेली होती. एक दिवस मोजपट्टी उचलायला वाकली ती सरळच होईना. कारखान्यातल्या दोघींनी तिला तशीच वाकलेली उचलून गाडीत घातली. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, शेक झाला. शेवटी कुणीतरी पिलाटेस शिकवणाऱ्या ताईंचा पत्ता दिला. स्प्रिंगांवर मागेपुढे घसरणारी ती अरुंद गादी बघून कात्री म्हणाली होती, "यावर व्यायाम करायचाय की आम्हाला यात घालून इस्त्री करणार?" ताई हसल्या नाहीत. शिकवताना त्या हसतच नसत. पण सहा महिन्यांत कात्री टेबलापाशी ताठ उभी राहिली.

म्हणून दिवस राहिले तेव्हा तिनं डॉक्टरीणबाईंना पहिला प्रश्न तोच विचारला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोडू नका. पाठीवर फार वेळ पडायचं नाही, पोटावर जोर द्यायचा नाही, बोलता येईना इतका दम लागू द्यायचा नाही. रक्त दिसलं, पाणी गेलं, चक्कर आली तर थांबायचं आणि मला फोन करायचा. बाकी चालू द्या. तुमच्या कंबरेला बाळाचं वजन पेलायचंय."

घरात हे सांगितलं तेव्हा सासूनं भांडं आपटलं. सासूनं रुग्णालयाच्या धुलाईघरात तीस वर्षं ओल्या चादरी उचलल्या होत्या, नवव्या महिन्यातसुद्धा. "आम्ही घाम गाळला तर पगार मिळायचा," ती म्हणाली. "तुम्ही बायका गादीवर पडून पाय हलवता आणि त्याला कष्ट म्हणता. पोरीला काही झालं म्हणजे ये माझ्याकडे रडत." पोटात पोरगीच आहे हे सासूनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

नवरा मात्र म्हणाला, "जा की. डॉक्टर सांगतात म्हणजे बरोबरच असणार." गोड माणूस. विमा कंपनीत अपघातांच्या फायली तपासायचा. दिवसभर जिन्यावरून पडलेली, न्हाणीघरात घसरलेली माणसं वाचून संध्याकाळी घरी यायचा आणि बायकोच्या वाटेतला पायपुसण्याचा तुकडा हळूच बाजूला सरकवायचा. लोक म्हणायचे, असा नवरा शोधून सापडत नाही. लोकांना म्हणायला काय जातं.

ताईंच्या खोलीत शनिवारी सकाळी फक्त पोटुशा बायकांचा वर्ग असायचा. तिथे एक पद्धत होती. दाराजवळच्या लाकडी पट्टीवर ओळीनं खुंट्या. प्रत्येकीच्या खुंटीवर तिचे रबरी ठिपक्यांचे मोजे आणि दोऱ्यात ओवलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. आल्याबरोबर चिठ्ठीवरचा जुना आकडा खोडायचा आणि कितवा आठवडा ते लिहायचं. तो आकडा बघून ताई कुणाला कुठली स्प्रिंग लावायची ते ठरवत. बाळंत झाली की बाई चिठ्ठी घरी घेऊन जायची. आणि कुणाचं बाळ गेलं, तर ताई ती चिठ्ठी उलटी करून ठेवत, आकडा भिंतीकडे. मग तिला कुणी फोन करायचा नाही, कुणी विचारायचं नाही. शनिवारच्या बायकांच्या ग्रुपमधून नाव गुपचूप काढायचं, म्हणजे तिला इतरांच्या पोटांचे फोटो दिसत नाहीत. तिला वाटेल तेव्हा ती येईल. कात्रीनं इतक्या वर्षांत अशी चिठ्ठी एकदाच पाहिली होती आणि त्या दिवशी तिचीही जीभ टाळ्याला चिकटली होती.

चोविसाव्या आठवड्यानंतर तिला खोकला धरला. नवरा म्हणाला, "यावेळी नको जाऊस. मी कळवतो ताईंना." बरं, म्हणाली ती. एक शनिवार गेला. ग्रुपवर काहीच येईना. तिला वाटलं, फोनच बिघडला असेल. मग थोडं वाईटही वाटलं, की सात जणींपैकी एकीलाही 'कशी आहेस' म्हणावंसं वाटू नये?

दुसऱ्या शनिवारी ती बरी झाली आणि कुणाला न सांगता आठ वाजता वर्गात हजर झाली. अंगात नवऱ्याचा जाडा कोट, कारण तिचे स्वतःचे कोट आता बंद होत नव्हते.

दारातच जुळीवाली भेटली. हिच्या पोटात दोन होती, म्हणून हे नाव. कात्रीला बघून तिचे डोळे भरले. तिनं कात्रीचा हात दोन्ही हातांत धरला.

"अगं, खोकलाच झाला होता," कात्री म्हणाली. "मेले नव्हते मी."

जुळीवालीनं ओठ आवळले. मागून बँकवाली आली, तिनं कात्रीच्या खांद्यावर हात ठेवला. "तू आलीस. किती धीराची आहेस गं."

खोकल्याचं एवढं कौतुक? कात्री हसली आणि खुंटीकडे वळली. तिचे मोजे होते. मोज्यांशेजारची तिची चिठ्ठी कोरी दिसत होती. तिनं बोटानं ती फिरवली. आतल्या बाजूला तिच्याच हातचा चोवीसचा आकडा.

आधी तिला वाटलं वाऱ्यानं फिरली असेल. खोलीतल्या खिडक्या बंद होत्या. मागे सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या.

आणि मग जे झालं ते तिनं पुढे कुणाला कधी सांगितलं नाही. तिला ते खरंच वाटलं. एक क्षणभर तिला खरंच वाटलं, की बाळ गेलंय, या सगळ्यांना माहीत आहे आणि मला एकटीलाच कुणी सांगितलेलं नाही. सकाळपासून ते हललंय का? आठवेना. तिनं कोटाची बटणं ओढली, वरचं एक तुटून फरशीवर घरंगळत गेलं. कोट उघडला आणि सव्वीस आठवड्यांचं पोट सगळ्यांच्या समोर आलं.

जुळीवाली किंचाळली.

ताई आतून धावत आल्या. त्यांनी पोटाकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं, आणि कधी न डगमगणाऱ्या त्या बाईनं खाली बसकण मारली.

"मला फोन आला होता," त्या म्हणाल्या. "घरून. की... की बाळ राहिलं नाही."

"कुणाचा?"

"तुमच्या घरचा नंबर. मी तुम्हाला उलटून विचारायला हवं होतं. पण असं कुणी खोटं बोलेल असं..."

पुढचं ऐकायला कात्री थांबली नाही. जिना उतरली आणि बंद दुकानाच्या लोखंडी दाराला टेकून उभी राहिली. पोटावर हात. "हल," ती म्हणाली. "ए, हल ना." रस्त्यानं जाणारा एकजण वळून बघत गेला. बराच वेळ काही नाही. मग डाव्या बाजूला, बरगडीखाली, टाच लागावी तसं एकदा लागलं. तिच्या जिवात जीव आला. जीवाबरोबर संतापही.

कोण, ते तिनं दहा मिनिटांच्या वाटेतच ठरवून टाकलं. दुसरं होतंच कोण? नवऱ्यानं खोकल्याचं कळवलं असणार आणि मागून सासूनं हे.

सासू ओट्यापाशी उभी होती. कात्री दारातूनच ओरडली, "जिवंत पोर मेली म्हणून सांगताना जीभ झडली नाही तुमची?"

"काय बोलतेस? कुणाची पोर?"

"माझी! तुमची नात! वर्गात फोन करून सांगितलंत ना बाळ गेलं म्हणून?"

सासूच्या हातातलं फडकं खाली पडलं. ती दोन पावलं पुढे आली. "हे बघ कात्रे, मी तोंडाळ आहे. तुला नको नको ते बोलले असेन. पण जे बोलले ते तुझ्या तोंडावर बोलले, आणि हे तोंड असलं कधी बोलणार नाही. धुलाईघरात कुठल्या चादरी यायच्या माझ्याकडे, माहिताय? मेलेल्या पोरांच्यासुद्धा. मी असलं मस्करीतही..."

आणि त्याच वेळी दोघींना जाणवलं, की आतल्या खोलीत नवरा उठून उभा राहिला आहे आणि बाहेर येत नाही.

"ए," सासू म्हणाली. लहानपणी मारायला बोलवायची त्या आवाजात. "बाहेर ये."

तो आला. चेहरा पांढरा फटक. "मी आधी फक्त बरं नाही म्हणून सांगितलं," तो म्हणाला. "पण ताई सोडेनात. म्हणाल्या, बसून करायचे व्यायाम देते. म्हणाल्या, डॉक्टरांशी बोलते, घरी येते. प्रत्येक गोष्टीवर उत्तर होतं त्यांच्याकडे. मग तोंडातून निघून गेलं. ते म्हटल्यावर कुणी पुढे काही विचारत नाही ना. एकदम गप्प झाल्या."

"निघून गेलं?" कात्री म्हणाली. "शिंक होती?"

"मी रोज फायली वाचतो गं. तुला नाही कळत काय काय होतं ते. तू त्या घसरत्या यंत्रावर... मला झोप लागत नव्हती. बाळासाठीच केलं मी."

"मला सांगायचंस! भीती वाटते म्हणायचंस. मी तुला घेऊन गेले असते, दाखवलं असतं. तू मला जा म्हणालास आणि मागून तिला मारलंस."

"शब्दच तर होता," तो पुटपुटला.

आईनं त्याच्या थोबाडीत मारली. चौतीस वर्षांच्या पोराला. कात्रीला त्याचा धक्का बसायला हवा होता, पण त्या सकाळी धक्के बसण्याची जागाच उरली नव्हती.

"बूट घाल," कात्री म्हणाली.

"कुठे?"

"जिथे फोन केलास तिथे. वर्ग सव्वानऊपर्यंत असतो. ती चिठ्ठी मी हात लावून सरळ करणार नाही. तू करायचीस. सगळ्यांसमोर."

"अगं, सगळ्या बायका... काय म्हणतील?"

"तेच ऐकायला चल."

"थांबा," सासू म्हणाली. "मीपण येते." आणि घरातले कपडे न बदलता तिनं पायात चपला सरकवल्या.

तिघं रस्त्यानं चालले, एका ओळीत. जिन्यावर नवऱ्यानं सवयीनं तिचा कोपर धरायला हात पुढे केला. तिनं बघितलं. त्यानं हात खिशात घातला.

आत गाद्या घसरायच्या थांबल्या. आठ पोटं, आठ जोडी डोळे. कोपऱ्यातल्या कात्रीच्या गादीवर एक नवी मुलगी होती, ती घाईघाईनं उठायला लागली. ताईंनी नुसतं खुंटीकडे बोट दाखवलं.

नवऱ्यानं बूट काढले. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. तो खुंटीपाशी गेला, दोनदा घसा खाकरला. "मी खोटं बोललो," तो भिंतीला म्हणाला.

"इकडे तोंड करून," बँकवाली म्हणाली.

तो वळला. "मी खोटं बोललो. बाळ आहे. मला... मी घाबरलो होतो." मग त्यानं चिठ्ठी सरळ केली. चोवीस.

ताईंनी पुढे होऊन त्याच्या हातात पेन ठेवलं. "हा जुना आकडा आहे," त्या म्हणाल्या. "खोडा. आजचा लिहा."

त्यानं चोवीस खोडलं. पेन पुठ्ठ्यावर टेकवलं, आणि तसंच राहिलं. त्यानं कात्रीकडे पाहिलं.

तिला आधी कळलंच नाही तो का थांबलाय. मग कळलं, आणि चिठ्ठी उलटी पाहिल्यावरही बसला नव्हता असा काहीतरी धक्का तिच्या छातीत बसला. बाळासाठी झोप न लागणाऱ्या, तिच्या वाटेतलं पायपुसणं उचलणाऱ्या माणसाला कितवा आठवडा चाललाय ते माहीत नव्हतं.

"पंचवीस?" तो म्हणाला.

कात्रीनं तोंड उघडलं, मिटलं. त्याला सांगायचं नाही, एवढंच तिला त्या क्षणी पक्कं माहीत होतं.

"सव्वीस," दाराजवळून आवाज आला. चपला काढायच्या बाकावर सासू बसली होती, घरातल्या मळक्या कपड्यांत. "कालच लागला. लिही."

त्यानं लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

कात्रीनं खुंटीवरचे मोजे काढले. वाकायला आता पोट आड येत होतं. सासू उठली, फरशीवर गुडघे टेकले आणि तिच्या पायात एकेक मोजा चढवला, कुरकुरत, "पायपण सुजलेत बघ हिचे, म्हणे व्यायाम." ताईंनी एक स्प्रिंग काढली, एक ठेवली. कात्री डाव्या कुशीवर आडवी झाली, डोक्याखाली उशी, पोटाखाली उशी.

"तू जा आता," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "आई थांबतील."

तो बूट हातात घेऊनच जिना उतरला. ताई म्हणाल्या, "श्वास सोडा, आणि वरचा पाय लांब." गादी घसरली.